जव्हारच्या हाटेलातला नवा भात

सन अठ्ठ्याहत्तर. शाळेच्या दाखल्यावर मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आईच्या हिशोबाने एकोणीस. दाखला मास्तरांनी अंदाजाने लिहिला आणि मला जन्म दिला आईने, म्हणून मी तिचाच हिशोब धरतो. मी चौथी नापास माणूस. नातू म्हणतो, आजोबा तुम्ही बोला, मी मोबाइलवर लिहून घेतो. मी म्हटलं, माझा हात मोडलेला नाही. जसं येतं तसं लिहीन. वाचायचं त्याने वाचावं.

आमचं घर मोखाड्याच्या अंगाला, डोंगराच्या कडेवरच्या पाड्यात. कारवीचा कूड, त्याला शेणमातीचं लिंपण, आत एक चूल आणि एक जातं. बा मी लहान असतानाच गेला. घरात मी आणि आई. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात जात्याची घरघर असायची, आणि ती थांबली की नागलीची भाकर थापल्याचा आवाज. आई भाकर थापताना कधी बोलत नसे. बोलली तर समजायचं, काहीतरी चुकलं आहे. कालवण उडदाचं, नाहीतर खुरासणीची चटणी. पण हे चांगल्या दिवसांचं झालं. भादवा निम्मा सरला की कणगीचा तळ दिसायचा. मग आई नागलीचं पीठ वाचवून वाचवून आंबील करायची, इतकी पातळ की वाटीत कुडाची सावली दिसे. तीही कमी पडली की रानातून कडू कंद आणायचे, चिरायचे, उकडायचे, रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात टोपलीत ठेवायचे आणि तरी खाताना जीभ खाजायची.

आणि त्याच दिवसांत खाली खाचरात हळवा, लवकर येणारा भात पिकून उभा असायचा. पिवळाधमक. वारा आला की त्याचा वास घरापर्यंत यायचा. पोटात कंद आणि नाकात भाताचा वास. तरी त्या भाताला कोणी हात लावायचा नाही. कापायचा, झोडायचा, सुपात पाखडायचा, पण तोंडात दाणा टाकायचा नाही. पोरांनीसुद्धा नाही. आधी भगत गावदेवाला नवा भात दाखवणार, मग पाड्यातली सगळी घरं एका दिवशी, एका वेळेला नवं खाणार. त्याला आम्ही 'नवं' म्हणतो. प्रत्येक पाड्याचा दिवस वेगळा. देवाला दाखवणारा जो भगत, त्याने तर नव्याचा कणसुद्धा खाल्लेला चालत नाही. उष्ट्या तोंडाने देवाला कसं बोलावणार? नातू विचारतो, आजोबा, आधी खाल्लं तर काय होतं? मी त्याला म्हणतो, तू कधी भुकेल्या शेजाऱ्यासमोर बसून भुकेला राहिलायस का? सगळे राहिले म्हणून तू राहायचं, आणि तू राहिलास म्हणून सगळ्यांनी. एकाने चोरून खाल्लं तर बाकीच्यांच्या उपाशी राहण्याला काय अर्थ उरला? देवाचं मी सांगत नाही. देवाचं देव जाणे.

त्या वर्षी माझ्या डोक्यात वेगळंच वारं होतं. दोन हंगाम मी ठाण्याच्या खाडीवर रेती काढायला गेलो होतो. बुडी मारायची, बादली भरायची, वर यायचं. मला दम मोठा. मुकादम सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायचा. तिथे मी हिंदी शिकलो, पँट घालायला शिकलो आणि हाटेलात जेवायला शिकलो. टेबलावर हात ठेवून 'एक राईस प्लेट' म्हणायचं आणि बसून राहायचं. माणूस आपल्यासमोर ताट आणून ठेवतो, पाणी ठेवतो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी असं बसून जेवलं नव्हतं. बा जव्हारच्या बाजाराला जायचा तेव्हा भाकर फडक्यात बांधून न्यायचा आणि एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून खायचा. मी मनाशी ठरवलं होतं, मी भिंतीला टेकून खाणार नाही.

आणि त्याच वर्षी माझी सोयरीक चालली होती. सागपाड्याचा सोमा भगत, त्याची मधली मुलगी रखमी. रखमीला मी दोनदा पाहिली होती आणि एकदा बोललो होतो. ती म्हणाली होती, "खाडीवाला ना तू? पान्यात बुडतोस, वर कशाला येतोस?" तेवढ्यावर मी खलास झालो होतो. पण सोमा भगत हो म्हणत नव्हता. नाहीही म्हणत नव्हता. आईला त्याने एवढंच सांगितलं होतं, "पोर कामाचा हाय. पन खाडीवरून आल्यापासून त्याचं तोंड बदललंय. बघू." त्या 'बघू'वर चार महिने गेले होते. तिकडे दुसऱ्या पाड्यावरूनही रखमीला विचारणं आलं होतं, हे मला ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी सोमा भगत मला जव्हारला भेटला. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पांढरं फडकं, कमरेला तपकिरीची डबी. तपकीर ओढून ओढून त्याचं नाक मेलं होतं. फूल असो की शेण, त्याला वास येत नसे, आणि तो स्वतःच हे हसून सांगायचा. मुलीचा बाप म्हणून मी त्याला मामा म्हणत होतो, अजून नातं ठरलं नव्हतं तरी. माझ्या अंगात नवा शर्ट होता. मी म्हटलं, "मामा, चला, जेवू."

"भाकर हाय माझ्याजवळ. ये, दोघं खाऊ."

"भाकर रोजचीच. आज हाटेलात."

"मी हाटेलात चा पितो. जेवत नाय."

"आज माझ्या हातचं समजा."

"तुझ्या हातचं कसं रं? रांधनार कोन?" असं म्हणून तो हसला, पण माझं तोंड पाहून थांबला. मी रस्त्यात त्याची वाट अडवून उभा होतो. शेवटी म्हणाला, "चल. पोरगा बोलावतो तं नाय कसं म्हनू."

हाटेल बाजारपेठेतलं मोठं. नाव सांगत नाही, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. पुढे भज्यांची कढई, गल्ल्यावर शेठ, मागे भटारखान्यात स्टोव्हचा भुर्र आवाज आणि भांड्यांची आदळआपट. आत संगमरवरी टेबलं, भिंतीवर आरसा. आमच्यासारखे लोक बहुतेक बाहेरच्या बाकावर बसून चहा घेत आणि जात. दारातून आत जाताना मला बाजूला गोणी दिसल्या. एक गोण उघडी होती. त्यात तांदूळ होता, आणि मी शेतकऱ्याचा मुलगा, बघता क्षणी मला कळलं की तो खालच्या भागातून आलेला नवा तांदूळ आहे. तिकडे आमच्या आधी पिकतं. पाहिलं आणि पुढे गेलो. खरंच सांगतो, तेव्हा मनात काहीच आलं नाही. आरशात मी स्वतःला बघत होतो.

मामाने चपला दाराबाहेर काढल्या आणि खुर्चीवर मांडी घालून बसला. वेटर आला, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. म्हणाला, "बाबा, पाय खाली. नाहीतर बाहेर बाकडं आहे, तिथं ऐसपैस बसा."

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "दो राईस प्लेट लाव. और टेबल साफ करो."

तो माझ्याकडे बघून हसला. "हिंदी कुठनं आणलीस रे? बोलण्यावरून तर मोखाड्याच्या वरचा वाटतोस."

बाजूच्या टेबलावरचे हसले. शेठसुद्धा हसला. मामाने हळूच पाय खाली घेतले आणि दोन्ही पाय फरशीवर टेकवून, तालुक्याच्या हापिसात बसतात तसा ताठ बसला. ते पाय खाली घेणं मला अजून दिसतं. मी म्हटलं, आता ताट येऊ दे. हा म्हातारा इथे, या सगळ्यांसमोर, पोटभर जेवून उठेल. मी उठवीन.

ताटं आली. दोन चपात्या, बटाट्याची भाजी, वरण, पापड, लोणच्याची फोड आणि मधोमध भाताची मूद. पांढराशुभ्र भात, वाफ निघणारा. आणि ती वाफ माझ्या नाकाशी आली.  आमच्या खाचरावरून येतो तोच वास. महिनाभर आम्ही ज्याच्याकडे बघून कंद खात होतो, तोच.

मामाला वास आला नाही. त्याने नेहमीप्रमाणे ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा चिमूटभर घास काढला आणि वाडवडिलांच्या नावाने ताटाबाहेर टेबलावर ठेवला. वेटर जाता जाता फडक्याने तो पुसून घेऊन गेला. मामा त्या ओल्या टेबलाकडे बघत राहिला. मग त्याने चपाती संपवली, भाजी संपवली. भाताशी हात आला आणि थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी खाली आणून विचारलं, "लक्षा, भात कोनचा हाय? नवा तं नाय?"

मी काय करायला हवं होतं ते आज शेंबडं पोरही सांगेल. म्हणायला हवं होतं, मामा, नवा आहे, उठा. पण उठायचं म्हणजे भरलं ताट टाकून उठायचं. वेटर विचारणार, काय झालं? शेठ बघणार. आम्ही काय सांगणार, आमचा देव अजून जेवला नाही? ते पुन्हा हसणार. आणि मामा म्हणणार, याला हाटेल कळतं, भात कळत नाही. हे सगळं माझ्या डोक्यातून एका श्वासात गेलं. खाडीत दम धरायची सवय होती. तसाच दम धरून मी म्हटलं, "जुना हाय मामा. रेशनचा. मना ठावं हाय."

"चिकट लागतो बोटाला."

"हाटेलवाले पानी जास्त टाकत."

त्याने बोटांत भात धरला, एकदा चोळला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग खाल्ला. सगळा खाल्ला. शेवटचं शीत ताटाच्या कडेवरून बोटाने काढून खाल्लं, कारण अन्न टाकणं त्याला ठाऊक नव्हतं. मीही खाल्ला. 

बाहेर आल्यावर तो मोकळा झाल्यासारखा हसला. चपला पायात घालत म्हणाला, "जेवलो बरा. मान राखलास तू माझा." मग तपकिरीची चिमूट ओढून म्हणाला, "उद्या आमच्या पाड्यावर नवं हाय. मीच दाखवनार देवाला. सकाळी ये. आईला घेऊन ये. देवासमोर रखमीचा बोल देतो तुला."

चार महिने ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द असा माझ्या हातात पडला. आणि मी तिथे, भर बाजारात, त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिलो.

मध्यंतरी नातवाने मला जव्हारच्या रस्त्यावरच्या एका नव्या रेस्टॉरंटात नेलं. शिरपामाळ बघायला येणारी शहरातली माणसं जेवायला थांबतात ते. थंडगार हवा, जाड पुठ्ठ्याचं मेनूकार्ड. ऑर्डर घ्यायला आलेली मुलगी आमच्याच बाजूची, गोड बोलायची. म्हणाली, "आजोबा, साधा राईस की जिरा राईस?" मी विचारलं, "नवा की जुना?" ती हसली, पण चांगली पोर, आत जाऊन विचारून आली. म्हणाली, "आजोबा, आत कोणालाच माहीत नाही." मी चपाती खाल्ली. नातू म्हणाला, तुम्ही उगाच हट्ट करता. करतो. एकदा हट्ट चुकीच्या जागी केला होता, तेव्हापासून बरोबर जागी करतो.

त्या बाजाराच्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आई चुलीपुढे आंबील ढवळत होती. तिला बातमी द्यायला हवी होती, मी दिली. भगताने बोल द्यायचं कबूल केलं, उद्या ये म्हणाला. आईचा चेहरा उजळला. मग तिने विचारलं, "कुठं बोलला?"

"हाटेलात. मी जेवन दिलं त्याला. राईस प्लेट."

आईचा हात थांबला. "भात व्हता?"

"व्हता."

"कोनचा?"

मी काटकी पुढे सारली. चुलीत काटकी तडतडली. आईने माझा उजवा हात ओढला आणि नाकाशी नेला. हात मी बेसिनवर साबणाने धुतला होता. तिला काय वास आला मला माहीत नाही, पण हात तिने सोडून दिला, निखारा सोडावा तसा.

"तू खाल्लास ते खाल्लास," ती म्हणाली. "तू खाडीवर जातस, तिकडं काय काय खातस, मी कधी विचारलं नाय. त्याला कळलं व्हतं?"

"त्याने विचारलं. मी जुना सांगितला."

आईने आंबील चुलीवरून उतरवली. मग म्हणाली, "सगला सागपाडा महिनाभर कंद खातोय. त्यांची पोरं खातात. आनि उद्या तो तसल्या तोंडानं त्यांच्यासाठी उभा ऱ्हानार. वर त्याला ठावं पन नाय."

"सांगितलं तर सोयरीक मोडंल."

"मोडंल."

"नाय सांगितलं तर कोनाला कळनार नाय."

"मना कळलंय ना," आई म्हणाली. "मी नाय येत उद्या. तुना काय करायचं ते तू कर." तिने आंबिलीची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः न पिता भांडं झाकलं.

सकाळी मी एकटा निघालो. पँट काढून ठेवली, बाचं जुनं धोतर नेसलो. सागपाड्याला पोचेपर्यंत चाललो कमी, धावलो जास्त. गावदेव पाड्याच्या वरच्या अंगाला, मोठ्या झाडाखाली. माणसं जमली होती, बायका एका बाजूला, पोरं पुढे, सगळ्यांचे डोळे चुलीवरच्या हंड्यावर. सागाची पानं मांडली होती. सुपात नवा तांदूळ, वर काकडी. मामा अंगावर फक्त धोतर, डोक्याला फडकं, ओला, हात धुऊन देवाकडे वळत होता. मला बघून त्याला आनंद झाला. "आई कुठंय?" म्हणाला.

"मामा, जरा बाजूला या. बोलायचंय."

"देवासमोर बाजू कसली रं? बोल हितंच."

"मामा, या ना."

"अरे, बोल. सगली आपलीच हायेत."

सगळे हसले. त्यांना वाटलं, नवरा मुलगा लाजतो आहे. बायकांत रखमी उभी होती, पाण्याची कळशी घेऊन. तीही हसत होती.  खाडीच्या तळाशी कधी भीती वाटली नव्हती, ती तिथे उन्हात वाटली. मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, कारण हळू म्हटलं असतं तर जमलं नसतं, "काल हाटेलात भात नवा व्हता. मना ठावं व्हतं. मामानं विचारलं आनि मी खोटं बोललो. मामाची चूक नाय. देवाला हात लावू देऊ नका त्याला."

 हंड्यातल्या भाताची रटरट तेवढी ऐकू येत होती. मग एक म्हातारी म्हणाली, "घ्या! हाटेलाचा जावई!" आणि कोणीतरी मला शिवी दिली.  मामाने एकदा आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. डोक्याचं फडकं सोडलं, ते सुपाशेजारी ठेवलं आणि धाकट्या भावाला म्हणाला, "भिवा, तू कर." भिवाने आयुष्यात कधी देवापुढे तोंड उघडलं नव्हतं. तो पुढे झाला. मामा माणसांतून वाट काढत बाहेर गेला आणि कुंपणाशी एका दगडावर बसला, देवाकडे पाठ करून.

मला तिथून जाता आलं असतं. खाली सडक होती, दुपारची एसटी ठाण्याच्या बाजूला जायची. पाय तिकडे वळलेही होते. पण मग सगळे म्हणाले असते, खोटं बोलला आणि पळाला. खोट्यापर्यंत ठीक होतं, पळाला हे मला सोसलं नसतं. मी कुंपणाशी गेलो आणि मामाशेजारी, त्याच्यापासून हातभर लांब, जमिनीवर बसलो.

आमच्या पाठीमागे भिवा अडखळत देवाला हाका मारत होता. चुकला की बायका त्याला शब्द सांगत होत्या. मग पानं वाढल्याचा आवाज आला, पोरांचा गलका आला, आणि तो वास. सगळ्या पाड्याने नवं खाल्लं. आम्ही दोघं सोडून.

मामा बोलला. माझ्याकडे न बघता. "बोटांना कळलं व्हतं माझ्या. नाक मेलंय, बोटं नाय. पन तू म्हनालास जुना. मी म्हटलं, आपला पोर हाय, खोटं कशाला सांगंल."

 त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

रखमी आली. हातात एकच सागाचं पान, त्यावर नागलीची अर्धी भाकर आणि खुरासणीची चटणी. पान तिने दोघांच्या मधल्या हातभर जागेत आपटलं आणि माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "दोघांत एकच मिळंल. उष्ट्यांना जास्त नाय." आणि गेली. मामा तिच्या पाठीकडे बघत राहिला, मग पान माझ्याकडे सरकवलं.

मी भाकर मोडली. पहिला तुकडा, चटणीसकट, पानाबाहेर मातीवर ठेवला. काल हाटेलात मी तो ठेवला नव्हता. दुसरा तुकडा मामाच्या हातात दिला. तो चावेपर्यंत थांबलो, आणि मग माझा खाल्ला.